मराठीत न झालेला एक वाद

वांगणी स्टेशनाबाहेरच्या गल्लीत मी ज्यांच्याकडे कपडे शिवायला टाकतो ते चाचा मूळचे महाडकडचे. घरात कोकणी मुसलमानांची बोली, दुकानात मराठी पेपर, गिऱ्हाइकाशी गरजेपुरती हिंदी. गेल्या पावसाळ्यात त्यांनी मशीनच्या खणातून एक पातळ चोपडी काढून माझ्यापुढे ठेवली. प्लॅटफॉर्मवर कुणा तरुणाने हातात दिलेली, ख्रिस्ती प्रचाराची. म्हणाले, “सर, तुम्ही पुस्तकांवर लिहिता. वाचून सांगा, हे कुणासाठी लिहिलंय?”

चोपडी घरी नेली. लिपी देवनागरी, क्रियापदे मराठी, नामे मात्र जवळजवळ सगळी उर्दू. येशू नाही, ईसा अल-मसीह. शुभवर्तमान नाही, इंजील. ‘देव’ हा शब्द एकदाही नाही. यात वाचकाचा मान राखण्याचा हेतू उघड दिसतो आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. दुआ, नमाज, रोजा हे चाचांच्या घरचेच शब्द. पण ‘कफ्फारा’ मला कोशात पाहावा लागला, आणि ‘नजात’ चाचांनाही अर्धाच लागला. ज्याच्यासाठी मराठीची मोडतोड केली, त्यालाच ती परकी वाटली. लेखकाच्या डोळ्यांपुढे मुसलमान होता. मराठी बोलणारा मुसलमान नव्हता.

समीक्षेत आपण ‘अभिप्रेत वाचक’ असा शब्द वापरतो. चाचांचा प्रश्न नेमका तोच होता, आणि तो या एका चोपडीपुरता नाही. धर्माधर्मांतल्या वादाला मराठीत जुनी आणि चांगली परंपरा आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघे एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि शेवटी गळाभेट घेतात. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. जॉर्ज बोएन यांनी त्यांचा वृत्तांत लिहिला आणि मराठीत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ नावाने तो वाचला गेला. त्रिकोणाच्या दोन बाजू अशा भरलेल्या आहेत. तिसरी बाजू, ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातली, मराठी वाङ्मयाच्या इतिहासात रिकामी आहे. वाद झालाच नाही असे नाही. तो झाला, आणि जोरात झाला. पण मराठीत झाला नाही.

त्याची सुरुवात आपल्या शेजारच्या गोव्यातून होते. अकबराच्या बोलावण्यावरून १५८० मध्ये रुदोल्फो अक्वाविवा, आंतोनियो मोन्सेराते आणि फ्रान्सिस्को एन्रिकेस हे जेझुइट गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला पोचले. एन्रिकेस हा होर्मुझचा, जन्माने मुसलमान, म्हणून दुभाषा. तिथे मौलवींशी फारसीतून वाद झाले, आवाज चढले. पण बादशहाचे अभय होते आणि अक्वाविवा सुखरूप परतला. १५८३ मध्ये तो मारला गेला तो साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात. पोर्तुगीजांनी तिथली देवळे पाडली होती आणि गावकऱ्यांचा राग धुमसत होता. ज्याच्या हाती सत्ता नव्हती त्या दरबारात हा धर्मप्रचारक सुरक्षित राहिला आणि ज्याच्या पाठीशी सत्ता होती त्या गावात जिवाला मुकला, ही गोष्ट धर्मप्रचारावर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी जरा थांबून वाचावी अशी आहे.

याच गोव्याच्या छत्राखाली पुढे पंधरा वर्षांच्या आत दोन ग्रंथ तयार झाले. जेरोम झेवियरने अकबरासाठी फारसीत ख्रिस्तचरित्र लिहिले, ‘मिरात अल-कुद्स’, १६०२ मध्ये. आणि थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. विषय एकच, संघ एकच. पण स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांतून ज्यांच्यासाठी लिहिले ते नुकतेच बाप्तिस्मा घेतलेले, जुनी पुराणे हातून सुटलेले मराठी श्रोते होते. त्यांची तहान त्याला ठाऊक होती, म्हणून त्याने त्यांच्याच छंदात, त्यांच्याच पुराणिकाच्या आवाजात गोष्ट सांगितली. त्या श्रोत्यांत मुसलमान का नाही, याचे उत्तर वाङ्मयात नाही, इतिहासात आहे. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा शहर जिंकले तेव्हा तिथल्या मुसलमानांची कत्तल करवली. स्टीफन्सच्या पुराणाला त्या बाजूचा श्रोता उरलाच कुठे होता?

झेवियरची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. त्याचे फारसी घडवायला अब्दुस सत्तार बिन कासिम लाहोरी नावाचा विद्वान मदतीला होता. त्याने पाद्रीकडून युरोपीय भाषा शिकून घेतली, ख्रिस्ताची कथा नीटस फारसीत उतरवली आणि तो मुसलमानच राहिला. पुढे जहांगीरच्या रात्रीच्या बैठकांची नोंद त्याने ‘मजालिस-ए-जहांगिरी’त केली. तिथे पाद्र्यांशी हुज्जत घालणारा तोच आहे. ज्याने शब्द न् शब्द पारखून भाषांतर केले त्याला आशय पूर्ण कळला होता, यात शंका नाही. कळणे आणि पटणे यांतले हे अंतर प्रचारसाहित्याच्या लेखकांना सहसा मान्य नसते. समोरच्याला पटले नाही म्हणजे त्याला कळलेच नाही, असे ते धरून चालतात. माझ्या हातातल्या चोपडीचे निम्मे पानही त्याच समजुतीवर उभे होते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत हीच वाटणी पक्की झाली. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन मराठी उत्तम शिकले. मोरभट दांडेकरांशी त्यांचा वाद मराठीत झाला आणि मोरभटांचे ‘हिंदुधर्मस्थापना’ त्यातूनच निघाले. त्याच विल्सनांचा हाजी मुहंमद हाशिम यांच्याशी वाद झाला, तो मात्र मराठी वाचकाच्या कानाआडच राहिला. हिंदूशी मराठीत आणि मुसलमानाशी हिंदुस्थानी-फारसीत बोलायचे, ही मिशनची व्यवहारी सोय होती. मुंबईतल्या इराणी किंवा उत्तरेकडच्या मौलवीपुरती ती बरोबरही होती. पण रत्नागिरी-कुलाब्याच्या खाड्यांवर पिढ्यान् पिढ्या राहणारा मुसलमान त्या सोयीत कुठेच बसत नव्हता.

उर्दू-फारसीतल्या वादाचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. फांडर यांचे ‘मीजानुल हक’ मूळ जर्मन, मग फारसी, मग उर्दू झाले. त्याच्या जोरावर एप्रिल १८५४ मध्ये ते आग्र्याच्या जाहीर वादाला उभे राहिले. समोर मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि डॉ. वजीर खान. वजीर खान युरोपातल्या विद्वानांची बायबलचिकित्सा वाचून आले होते. पाठभेदांचा मुद्दा त्यांनी असा लावून धरला की काही ठिकाणी बदल झाल्याचे फांडरना कबूल करावे लागले. कैरानवींचा ‘इझहारुल हक’ १८६४ चा. इस्लामी जगात तो अजून वाचला जातो. खंडनाने माणसे किती वळली ते बाजूला ठेवा, खंडनाचे उत्तर मात्र पिढ्यान् पिढ्यांसाठी तयार झाले. हे शास्त्र दोघांनी मिळून घडवले असे म्हणायला हरकत नाही.

(जाता जाता एक योगायोग. मुसलमानांसाठी नव्या कराराचे उर्दू भाषांतर करणारे हेन्री मार्टिन १८११ मध्ये कलकत्त्याहून मुंबईला आले, त्या जहाजावर पुण्याच्या रेसिडेंटपदी निघालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. त्याच वर्षी कॅरींच्या मराठी नव्या कराराची मोडी प्रत श्रीरामपुरात निघाली. कॅरींचे पुस्तक हिंदू घरांसाठी, मार्टिनचे मुसलमान घरांसाठी. आमच्या चाचांचे घर कोणत्या पेटीत टाकायचे?)

त्यांच्याआधी कितीतरी वर्षे अशाच एका माणसाने मराठीत ग्रंथ लिहून ठेवला होता. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’चे कर्ते, स्टीफन्सच्या पिढीच्या आसपासचे. चांद बोधले त्यांचे गुरू. मुसलमान म्हणून जन्मलेला, विठ्ठलभक्तीत मुरलेला, कोणत्याही रकान्यात न मावणारा हा वाचक मराठीत हजर होता. स्टीफन्स आणि शेख महंमद यांची गाठ पडली असती तर कसला संवाद झाला असता, अशी कल्पना करायचा मोह मला होतो. तो मी आवरतो, कारण दोघांच्या मध्ये एक राज्यसीमा होती आणि सीमेपलीकडे धर्मन्यायालय होते.

आज हा प्रश्न अभ्यासिकेत राहत नाही. अंबरनाथ सोडले की लोकलच्या खिडकीतून मलंगगड दिसतो. वर हाजी मलंगांचा दर्गा, वहिवाट केतकर घराण्याकडे. त्या व्यवस्थेचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले. माघी पौर्णिमेला तिथे दोन्हीकडची माणसे चढतात आणि हल्ली ती जागा कुणाची यावर घोषणाही होतात. त्या डोंगराच्या पायथ्याशी कुणी तिसरा माणूस चोपड्या वाटू लागला तर त्याच्याकडे संशयाने पाहणारे केवळ मुसलमान नसतात. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात आहे. तो शब्द घालताना घटना समितीत त्याला विरोध करणाऱ्यांत तजमुल हुसेन होते; धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब, असे त्यांचे म्हणणे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा अर्थ लावला. मला विचाराल तर हा भेद कागदावर जितका स्वच्छ आहे तितका स्टेशनच्या पुलावर नाही. २०२० च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणाऱ्या या लेखकालाही आधी पाद्री म्हणूनच मोजले गेले.

ऑगस्टात एका संध्याकाळी त्या पुलावर चार-पाच पोरांनी चोपडीवाल्याची पिशवी धरली. “मुसलमानांना बाटवतोस, उद्या आमच्याकडे येशील,” असा एकूण सूर. चाचा दुकान तसेच टाकून वर गेले. म्हणाले, “मला दिली ह्यानं. मी वाचली, पटली नाही, खणात ठेवली. तुम्हाला कशाचा त्रास झाला?” पोरांना उत्तर सुचले नाही आणि मग गाडीही आली. या प्रकाराचा मी फार अर्थ लावू इच्छित नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस नसता आणि पोरे आठ-दहा असती, तर तो वेगळा लागला असता.

चोपडी परत देताना मी चाचांना सांगितले की ही तुमच्यासाठी लिहिलेली नाही. शेवटची तीन पाने सोडून. त्या तीन पानांत कुणी एकाने आपल्या आईच्या आजारपणाबद्दल लिहिले होते. तिथे लेखक उर्दू नामे विसरला होता, ‘आई’ला आईच म्हणाला होता आणि खंडन पार थांबले होते. बाकी चोपडीला चाळणी लावली तरी हाती एवढेच राहते.

“मग आमच्यासाठी लिहिलेलं कुठे मिळतं?” चाचांनी विचारले.

मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नेऊन दिली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. बायकोला ते नंतर कळले. ती पाच वर्षे रडली, भांडली, माहेरच्यांच्या आधाराने राहिली आणि मग १९०० मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाली. धर्मांतरावरचे मराठीतले सर्वांत मोठे पुस्तक असे त्या धर्मांतराने जिचे घर मोडले तिने लिहिले आहे, आणि त्यात इस्लामला उद्देशून काहीच नाही, म्हणूनच मला ते द्यावेसे वाटले.

महिन्याभराने पुस्तक परत आले. मध्ये मोजमापाची एक चिठ्ठी खूण म्हणून तशीच राहिलेली.

“कसं वाटलं?”

“ही बाई कुणाला ख्रिस्ती करायला बसलेली नाही,” चाचा म्हणाले. “नवऱ्याशी भांडायला बसलीय. आमच्या हिनंही अर्धं ऐकलं. पुढचं वाचून दाखवायचंय, आठ दिवस अजून ठेवू?”