बुडालेले जहाज कोणाचे?

१९६० च्या उन्हाळ्यात तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील केप गेलिडोन्यापाशी, सुमारे २७ मीटर खोल पाण्यात, इ.स.पू. १२०० च्या सुमारास बुडालेल्या एका व्यापारी जहाजाचे उत्खनन झाले. स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांकडून पत्रकार पीटर थ्रॉकमॉर्टन यांना या जागेचा सुगावा लागला होता. उत्खननाची धुरा होती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉर्ज बास या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे. तोवर पुरातत्त्वज्ञ बहुधा बोटीवर थांबत आणि पाणबुडे वस्तू वर आणून देत. बास स्वतः खाली उतरले आणि जमिनीवरील उत्खननाप्रमाणे वस्तूंच्या जागा आराखड्यावर नोंदवल्या. १९६७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ याच नोंदींवर उभा आहे.

ग्रंथाचे खरे धाडस मात्र युक्तिवादात आहे. कांस्ययुगाच्या अखेरीस पूर्व भूमध्य समुद्रातील व्यापार ग्रीसच्या मायसीनी लोकांच्या हाती होता, असे तेव्हा सर्रास मानले जाई. कारण एकच : पूर्वेकडे सर्वत्र सापडणारी मायसीनी मडकी. बास यांनी विचारले, या मडक्यांच्या बदल्यात पूर्वेकडून काय जात होते? तांबे, कथील, हस्तिदंत. धातू वितळवला की त्याचे मूळ रूप उरत नाही. खापर मात्र हजारो वर्षे टिकते. म्हणजे उरलेल्या पुराव्यावरून आपण व्यापार मोजत होतो, आणि न उरलेला निम्मा व्यापार विसरत होतो. गेलिडोन्याच्या जहाजात हा विसरलेला निम्मा भाग प्रत्यक्ष हाती आला : बैलाच्या पसरलेल्या कातड्याच्या आकाराच्या तांब्याच्या लगडी आणि मोडीत निघालेली कांस्याची अवजारे.

इथपर्यंत ग्रंथ भक्कम आहे. पुढे वजने, दिवा, दंडगोलाकार मुद्रा अशा वापरातील वस्तूंवरून बास जहाजाला सिरिया-कनान किनाऱ्याचे ठरवतात. खलाशांच्या रोजच्या वस्तू मालापेक्षा अधिक बोलक्या असतात, हा विचार योग्यच. पण ती मुद्रा जहाजाहून काही शतके जुनी आहे. तिच्यावरून शेवटच्या मालकाचे गाव कसे सांगावे? शिवाय एका जहाजाच्या आधारे होमरच्या काव्यातील फिनिशियन व्यापाऱ्यांना कांस्ययुगात नेऊन बसवणे म्हणजे एका खांबावर वाडा उभारणे होय. अनेक अभ्यासकांना हा निष्कर्ष पटला नाही, त्यात नवल नाही.

१९८४ ते १९९४ या काळात उत्खनन झालेल्या, त्याहून सुमारे शतकभर जुन्या उलुबुरुनच्या जहाजाने बास यांना बळ दिले. त्यात सुमारे दहा टन तांबे आणि एक टन कथील होते. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा कच्चा माल आता नाकारता येईना. पण त्याच जहाजावर मायसीनी माणसांच्या तलवारी व मुद्राही निघाल्या. म्हणजे उत्तर बरोबर निघाले, तरी प्रश्न तोकडा ठरला. जहाज एका किनाऱ्याचे, खलाशी दुसऱ्या आणि माल तिसऱ्या किनाऱ्याचा, असे असू शकते. ‘जहाज कोणाचे?’ या प्रश्नातच एका जहाजाला एकच राष्ट्र असते, हे आजचे गृहीतक लपले आहे.

हा धडा आपल्याला परका नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती किंवा पश्चिम भारतात मिळणारी भूमध्य प्रदेशातील मद्यकुंभांची खापरे पाहून आपण सहज ‘रोमन व्यापार’ म्हणून जातो. इथून गेलेली मिरी आणि सुती कापड मात्र खाल्ले-वापरले गेले. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरात भारतीय बनावटीच्या कुंभात साडेसात किलो मिरी सापडली, तेव्हा त्या दुसऱ्या बाजूला वजन आले.

बास यांचा निष्कर्ष म्हणूनच जपून घ्यावा. त्यांची पद्धत मात्र निःशंकपणे घ्यावी. नव्या संशोधकाने हा ग्रंथ वाचायचा तो जहाजाचे मूळ गाव शोधण्यासाठी नव्हे. जे टिकले त्याच्याच बाजूने इतिहास झुकतो, आणि ते झुकते माप सरळ करण्याची सुरुवात एक विद्यार्थीही करू शकतो, हे त्यातून शिकावे.