भग्न प्रासाद आणि छायाचित्रकाराचे शब्द

क्लॅरेन्स जॉन लाफलिन (१९०५–१९८५) प्रथम लेखक होऊ पाहत होता. फ्रेंच प्रतीकवाद्यांच्या वाचनावर त्याचा पिंड पोसला होता. पुढे कॅमेरा हाती आला, तरी लेखणी सुटली नाही. लुइझियानातील मळेवाल्यांच्या ओस प्रासादांवरील ‘घोस्ट्स अलाँग द मिसिसिपी’ (१९४८) या त्याच्या ग्रंथात चित्रांशेजारी दीर्घ गद्य येते आणि ते पुष्कळदा चित्राला बोलू देत नाही. स्तंभावरचे सुटलेले पोपडे जे एका दृष्टिक्षेपात सांगतात, तेच शब्दांनी पुन्हा सांगण्याचा हा सोस कवीला कदाचित शोभेल. छायाचित्रकाराला तो जड जातो.

याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे. बेल ग्रोव्ह हा प्रासाद १८५०च्या दशकात उसाच्या पैशावर, म्हणजे गुलामांच्या श्रमावर, उभा राहिला. अशा वास्तूंत लाफलिन, कधी एका चौकटीत दोन छबी मिसळून, अवगुंठित स्त्रिया वावरवतो. ही भुते बहुधा दिवाणखान्यातली, मळ्यातली नव्हेत. शोक आहे तो धन्यांच्या वैभवाचा.

आणि तरीही, १९५२ साली आगीत नष्ट झालेल्या बेल ग्रोव्हचा अंधार त्याच्या चित्रांत जसा साचून राहिला आहे, तसा वास्तुतज्ज्ञांच्या काटेकोर नोंदींत सापडत नाही.