काळभाताचा एक दाणा

काळभात हे अकोले तालुक्याच्या डांगाण भागातले जुने, वासाचे भात. त्याचा एक दाणा तळहातावर घ्यावा आणि घाई न करता पाहावा. वर काळपट तूस. ते नखाने सोलले की आत बारीक तांदूळ, आणि त्याच्या एका टोकाला कडेशी चिकटलेला इवलासा अंकुर. बाकीचा दाणा ही त्या अंकुराची शिदोरी. काळभाताचे काळभातपण राहते ते या ठिपक्यात. गिरणीतून पॉलिश होऊन आलेल्या तांदळाचे नेमके हेच टोक खरवडलेले असते. म्हणून तो ताटात वाढता येतो, वाफ्यात पेरता येत नाही.

या अंकुराच्या एका पेशीत 24 गुणसूत्रे असतात, म्हणजे बारा-बाराचे दोन संच. एका संचात डीएनएच्या सुमारे 39 कोटी अक्षरजोड्या. भाताची ही संहिता 2005 साली जगापुढे आली आणि तिच्यातल्या अकराव्या गुणसूत्राच्या वाचनात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा होता. दोन्ही संचांतले डीएनएचे धागे सरळ करून एकापुढे एक ठेवले, तर लांबी वीतभराहून थोडी अधिक भरते. हा वीतभर धागा ज्या केंद्रकात राहतो, त्याची रुंदी मात्र मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच. पेशी तो तिथे कोंबत नाही. आठ प्रथिनांचे एक छोटे रीळ, त्याच्याभोवती 147 जोड्यांचा धागा, दोनाला थोडे कमी असे फेरे. मग जरासा मोकळा धागा, मग पुढचे रीळ. एका केंद्रकात अशी जवळजवळ चाळीस लाख रिळे. धाग्यावर ऋण विद्युतभार, रिळावर धन. गाठ नाही, खिळा नाही, नुसत्या ओढीने ते एकमेकांना बिलगलेले. म्हणूनच लागेल तो मजकूर लागेल तेव्हा उलगडता येतो. या रचनेतले खरे कसब मला इथे दिसते. बांधणी इतकी घट्ट, तरी सुटायला सदैव तयार.

रिळाच्या या प्रथिनांना हिस्टोन म्हणतात. 1969 साली वाटाण्यातले आणि वासरातले एच-4 हे हिस्टोन शेजारी ठेवून तपासले गेले. प्रथिनाच्या साखळीतल्या 102 दुव्यांत फरक निघाला फक्त दोन. वनस्पतींची आणि प्राण्यांची वाट वेगळी होऊन शंभर कोटींहून अधिक वर्षे झाली. तेवढ्या काळात एकीकडे शेंगा आल्या, दुसरीकडे शिंगे आली. रीळ जवळजवळ तसेच राहिले. डांगाणातल्या गोठ्यात डांगी गाय उभी असते आणि परसात वालाचा वेल मांडवावर चढलेला असतो. त्या दोघांचा वारसा एकाच घडणीच्या रिळांवर गुंडाळलेला आहे, हे कळल्यापासून मला ते अंगण वेगळे दिसते.

लोंबी पिकू लागली की अंकुरातले पाणी उतरत जाते. एरवी इतकी वाळलेली पेशी मरायची. ही मरत नाही, कारण तिने आधीच साखरा आणि काही खास प्रथिने साठवून ठेवलेली असतात. पाणी कमी होते तसा हा पाक घट्ट होत होत काचेसारखा थिजतो आणि रेणू जागच्या जागी थबकतात. बियाण्याचा ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्राचा ठोकताळा आहे.

काळभाताच्या याच अकोले तालुक्यात कोंभाळणे आहे, नावातच कोंभ ऐकू येणारे गाव. तिथल्या राहीबाई सोमा पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. ‘बायफ’ संस्थेच्या साथीने त्यांनी गावठी वाणांची बीजबँक उभी केली आणि 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. बियाणे जपायची आपली जुनी रीत म्हणजे मातीची मडकी, शेणाने सारवलेल्या कणग्या, राख, कडुनिंबाचा पाला. राख ओल शोषते आणि किडीला दाण्यापर्यंत पोचू देत नाही. मडक्यातली राख ओल अडवते, म्हणून पेशीतली काच टिकते. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत उणे 18 अंशांवर चार लाखांहून अधिक नमुने जपलेले आहेत. ती पेढी हवीच. पण मडके दर पावसाळ्याला रिकामे होते आणि सुगीला पुन्हा भरते. त्याची खरी थोरवी त्यात आहे.

कारण काचेत थिजलेल्या पेशीतही बिघाड पुरता थांबत नाही. हवेतला प्राणवायू धाग्यावर ओरखडे काढतच असतो, आणि दुरुस्तीला पाणी लागते, जे तिथे नसते. दाणा भिजला की काच विरघळते. तेव्हा पेशी लगेच दुभंगून वाढायला लागत नाही. आधी धागा तपासून सांधून घेते. डीएनएची प्रत्येक ओळ दुहेरी असते, ए समोर टी, जी समोर सी. एका बाजूचे अक्षर बिघडले तर समोरचे जोडीदार पाहून ते पुन्हा लिहिता येते. मोडतोड हाताबाहेर गेली असेल तर मोडच येत नाही. वेळेवर पेरलेल्या दाण्याची सांधलेली, ताजी प्रत मात्र नव्या लोंब्यांतल्या शेकडो दाण्यांत उतरते.

तुमच्या घरी आजीच्या गाठोड्यात मूठभर काळभात किंवा वाल उरला असेल, तर त्यातले दहा दाणे आज भिजत घाला, कितींना मोड येतात ते मोजा, आणि बाकीचे या मृगात जमिनीत जाऊ द्या.