‘दुष्परिणाम ३० टक्क्यांनी घटले’, पण कोणाचे?

निष्कर्षाआधी आकडे वाचा, असं आपल्याला सगळेच सांगतात. आकड्यांत नेमकं काय शोधायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. म्हणून आज एकच पेपर घेऊ. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये ‘प्रिपेअर’ नावाचा अभ्यास छापून आला. युरोपातले ७ देश, ६,९४४ रुग्ण. काहींच्या शरीरात एखादं औषध फार हळू मोडलं जातं, काहींच्या फार वेगाने. मग औषध सुरू करण्याआधी रुग्णाची १२ जनुकं तपासून त्यानुसार औषध किंवा मात्रा ठरवली, तर दुष्परिणाम कमी होतील का? उत्तर आलं: हो, ३० टक्क्यांनी.

आता अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधलेच आकडे बघा. ज्यांच्या जनुकांमुळे उपचार बदलण्याची गरज होती, त्यांच्यापैकी चाचणी गटात ७२५ पैकी १५२ जणांना (२१.० टक्के) दुष्परिणाम झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटात ८३३ पैकी २३१ जणांना (२७.७ टक्के). इथे पहिली मेख आहे: ३० टक्के ही घट ‘ऑड्स’मधली. साध्या जोखमीत मोजली तर ती २४ टक्के भरते.

दुसरी मेख मोठी आहे. सगळे रुग्ण धरले तर आकडे असे: चाचणी गटात २,९२३ पैकी ६२८, दुसऱ्या गटात ३,२७० पैकी ९३४. यातून वरचे आकडे वजा करा. उरतात ते रुग्ण, ज्यांच्या जनुकांत उपचार बदलावा असं काही नव्हतं. म्हणजे चाचणी झाली काय, न झाली काय, जनुकांच्या आधारे त्यांचं औषध बदलायचं कारणच नव्हतं. त्यांच्यात दुष्परिणाम २,१९८ पैकी ४७६ (२१.७ टक्के) आणि २,४३७ पैकी ७०३ (२८.८ टक्के).

थांबा, पुन्हा वाचा. ज्यांना चाचणीचा फायदा व्हायला नको होता, त्यांच्यातही तेवढीच घट आहे. किंचित जास्तच!

हे कसं झालं असेल? अभ्यास ओपन लेबल होता, म्हणजे कोण कोणत्या गटात आहे हे रुग्णालाही माहीत आणि विचारणाऱ्यालाही. मळमळ, थकवा, चक्कर हे बऱ्याच अंशी रुग्णाने सांगितल्यावरच कळतं. ‘तुमची जनुकं तपासली आहेत’ हे ऐकलेला माणूस त्रास कमी सांगू शकतो. शिवाय रँडमायझेशन रुग्णांचं नव्हतं, देशांचं होतं: कोणत्या देशाने आधी कोणती पद्धत वापरायची, एवढंच चिठ्ठीवर ठरलं. रुग्ण ६,९४४ असले तरी चिठ्ठ्या ७ च. या दोन्हींपैकी खरं कारण कोणतं, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. पण सगळं श्रेय जनुकांना देता येत नाही, एवढं नक्की.

मग जनुकीय चाचणी निरुपयोगी? मुळीच नाही. एचआयव्हीवरच्या अबाकाविर या औषधाचा ‘प्रेडिक्ट-१’ हा अभ्यास (२००८) बघा. १,९५६ रुग्ण, एकच जनुक, डबल ब्लाइंड. डॉक्टरांच्या निदानानुसार तीव्र अ‍ॅलर्जी ७.८ वरून ३.४ टक्क्यांवर आली. त्वचेच्या पॅच टेस्टने पक्की झालेली अ‍ॅलर्जी २.७ वरून थेट शून्यावर! मोजमाप पक्कं, म्हणून उत्तर पक्कं.

मात्र ‘ब्लाइंडिंग नाही म्हणजे अभ्यास बाद’ हे सूत्र पाठ करू नका. केरळमध्ये २००१ पासून मलप्पुरम आणि आसपास शेजारपाजारचे स्वयंसेवक एकत्र येऊन असाध्य आजाराच्या रुग्णांची घरी जाऊन काळजी घेतात. २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरणही आणलं. आता स्वयंसेवक घरी आला की नाही, हे रुग्णापासून कसं लपवणार? आणि लपवायचं तरी कशाला? माणूस आला, म्हणून रात्र बरी गेली, हाच तर उपचार आहे. ‘प्रिपेअर’मध्ये रुग्णाचं सांगणं ही मोजमापातली फट होती. इथे तेच मोजायचं आहे.

अशा कामाला तुलना मात्र हवीच. किती भेटी दिल्या, किती स्वयंसेवक तयार झाले, हे काम मोजणं झालं. रुग्णाची वेदना किती उतरली, हे वेगळं मोजावं लागतं आणि सेवा अजून न पोचलेल्या गावांशी ताडून बघावं लागतं.

उद्या तुमच्यापैकी कोणीतरी एखाद्या समितीवर बसेल. एकाच निधीतून जनुकीय चाचणीचं पॅनल घ्यायचं की घरोघरी जाणारी नर्स नेमायची, हे तिथे ठरेल. समोर ‘३० टक्के’ लिहिलेली स्लाइड असेल. तेव्हा एवढंच विचारा: ज्यांना फायदा व्हायला नको होता, त्यांचं काय झालं?