हजारात एक

अँथनी मानच्या 'विंचेस्टर ७३' (१९५०) या चित्रपटाचा नायक जेम्स स्ट्युअर्ट आहे असं जाहिराती सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये. नायक म्हणजे ती रायफल. स्ट्युअर्ट बिचारा दीड तास तिच्यामागे घोडा दामटत असतो.

४ जुलै १८७६ला डॉज सिटीत नेमबाजीची शर्यत होते. हवेत फेकलेल्या कड्याच्या भोकावर टपालाचं तिकीट चिकटवायचं आणि ते उडवायचं. (आमच्या पोस्टातल्या डिंकावर हा प्रयोग जमला नसता.) स्ट्युअर्ट रायफल जिंकतो, लगेच ती चोरीला जाते, आणि मग दिवाळी अंक बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून फिरावा तशी फिरते. फरक एवढाच की, दिवाळी अंक हाती आलेला माणूस सहसा मरत नाही.

चित्रपट उत्तम आहे. वस्तूची हाव माणसाचं काय करते, हे मानला पक्कं ठाऊक आहे. माझी तक्रार निराळी आहे. जो तो त्या रायफलीचा दस्ता कुरवाळतो, पण हिच्यात काडतूस कोणतं बसतं आणि त्यानं कोणतं जनावर पडतं, हे कोणी विचारत नाही. मंडईत मेथीची जुडी घेणारी बाई याहून जास्त चौकशी करते! खरं गिऱ्हाईक एकच, यंग बुल हा इंडियन सरदार. व्यापारी त्याच्या गळ्यात जुनाट माल बांधू पाहतो, आणि हा म्हणतो, मला भराभर झाडता येणारी बंदूक हवी. त्याच उन्हाळ्यात एकेक गोळी भरत बसणाऱ्या कस्टरच्या शिपायांचं काय झालं होतं, ते त्याला माहीत असतं.

लिव्हर-अॅक्शनची खुबी तीच. घोड्याभोवतालची कडी खाली-वर केली की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. पण ७३ सालच्या विंचेस्टरचं प्रसिद्ध काडतूस ४४-४०, म्हणजे चाळीस ग्रेन काळी दारू. (ग्रेन म्हणजे सोनाराची जवळजवळ अर्धी गुंज.) पुढं तेच पिस्तुलातही चालू लागलं, म्हणून घोडेस्वाराची सोय झाली, दोन बंदुकांना शिधा एकच. शंभर यार्डांच्या आत ठीक. दोनशेवर गोळी बाजारातून परतणाऱ्या म्हाताऱ्यासारखी वाकलेली असते. पडद्यावर त्यानं काही बिघडत नाही. जंगलात हरणाच्या काळजाऐवजी पोटात लागते, आणि ते झाडीत शिरून दोन दिवस मरत राहतं. आपल्याकडे कायद्यानं शिकार बंद आहे ते बरंच आहे. अमेरिकेत ती चालते, म्हणून तिथल्या माणसानं आधी काडतूस ठरवावं, मग रायफल.

झाडीतल्या हरणासाठी माझं मत १८९५पासून चालत आलेल्या ३०-३०ला. यातली दुसरी तीस म्हणजे तीस ग्रेन बिनधुराची दारू. गोळी दीडशे किंवा एकशे सत्तर ग्रेनची, आणि धक्का खांद्याला सोसवेल इतपत. मोठ्या अस्वलाला ४५-७० हवं. त्याचा धक्का मात्र दुसऱ्या दिवशी सदरा घालतानाही आठवतो. नुसते डबे पाडायचे असतील तर २२ पुरे.

आणखी एक गोष्ट दुकानदार हसत हसत टाळतात. बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एसटीच्या रांगेसारखी उभी असतात, एकीचं नाक दुसरीच्या पाठीला. अणकुचीदार गोळी घातली तर धक्क्यानं पुढचीच्या पाठीतली टोपी फुटू शकते, म्हणून नाक बोथट हवं. दुर्बीण लावायची असेल तर मार्लिन ३३६ बघावी. ती रिकामं काडतूस बाजूनं फेकते. जुनी विंचेस्टर ९४ वरून फेकायची, थेट दुर्बिणीच्या अंगावर.

'हजारात एक' हा प्रकार मात्र सिनेमानं रचलेला नाही. कारखान्यात चाचणीत ज्यांचा नेम विशेष अचूक ठरे त्या नळ्या बाजूला काढून त्यांच्या रायफली शंभर डॉलरना विकत. फार थोड्या खपल्या. चित्रपटाच्या वेळी कंपनीनं उरलेल्यांचा जाहीर शोध घेतला, तेव्हा कोणाकोणाच्या माळ्यावरून त्या खाली उतरल्या म्हणतात.

शेवटी डोंगरावर दोघे भाऊ खडकांआडून एकमेकांवर गोळ्या झाडतात. 'हजारात एक' स्ट्युअर्टच्या नव्हे, त्याच्या भावाच्या हातात असते. स्ट्युअर्टजवळ साधी रायफल. मरतो तो भाऊ.