स्मार्ट ग्रिडमधील वितरित अल्गोरिदम : एक चिकित्सा

प्रस्तावना : विजेची मागणी व पुरवठा यांचा मेळ प्रत्येक क्षणी घालावा लागतो. परंपरेने हे कार्य भार प्रेषण केंद्राकडे असते. छपरावरील सौर संच व बॅटऱ्या यांसारखे लहान स्रोत वाढल्याने वितरित अल्गोरिदमचा पर्याय पुढे आला. यात प्रत्येक घटक केवळ शेजारच्या घटकाशी आकड्यांची देवाणघेवाण करतो आणि क्षमतेची मर्यादा आड न आल्यास अखेरीस सर्वांचा सीमांत खर्च समान होतो. स्टीफन बॉइड व सहकाऱ्यांच्या २०११ मधील ग्रंथानंतर ‘एडीएमएम’ ही पद्धती विशेष प्रचलित झाली.

विवेचन : या पद्धतीचे सामर्थ्य मान्य करावे लागते. एकाच केंद्रावरील अवलंबन घटते व ग्राहकाची माहिती बहुतांशी त्याच्यापाशीच राहते. परंतु प्रत्येक घटक नियम पाळेल, हे तिच्या मूळ गणिती सिद्धतेत गृहीत धरलेले असते. ३० जुलै २०१२ रोजी भारताचे उत्तर विभागीय वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही जाळी कोसळून सुमारे ६० कोटी लोकसंख्येच्या प्रदेशाला फटका बसला. जादा उचल कमी करण्याच्या सूचनांना राज्यांच्या प्रेषण केंद्रांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही, असे चौकशी समितीने अन्य कारणांसह नमूद केले. ही उणीव गणनेची नव्हे, शिस्तीची होती. केंद्राचा आदेश न मानणारा घटक शेजाऱ्याशी झालेली सहमती पाळेल, असे मानण्यास आधार नाही.

निष्कर्ष : केवळ अभिसरणाच्या वेगावरून केलेले मूल्यमापन अपुरे ठरते. खोटा आकडा, तुटलेला संपर्क व नियमभंग यांपुढे अल्गोरिदम कितपत टिकतो, हीच त्याची खरी कसोटी होय.