सरळ रेषेतील गतीचा संवाद : गॅलिलिओच्या ‘दोन नवी शास्त्रे’ या ग्रंथातील ‘तिसऱ्या दिवसा’ची समीक्षा

बीजसंज्ञा : एकसमान गती, त्वरण, संवादरूप, शंका, प्रयोग.

प्रस्तावना :
विज्ञानाचा ग्रंथ हा केवळ माहितीचा साठा असतो, त्याची समीक्षा करावयाची ती फक्त सत्यासत्यतेच्या निकषावर, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. गॅलिलिओचा ‘दोन नवी शास्त्रे’ हा ग्रंथ या समजास छेद देतो. 1633 च्या खटल्यानंतर फ्लॉरेन्सजवळील आर्चेत्री येथे नजरकैदेत असताना त्याने तो पूर्ण केला आणि 1638 मध्ये लायडन येथे एल्झेव्हिर या प्रकाशनगृहाने तो छापला. ग्रंथाची विभागणी प्रकरणांत नसून दिवसांत आहे. त्यातील तिसऱ्या दिवशी साल्व्हियाती, साग्रेदो आणि सिम्प्लिचिओ हे तिघे सरळ रेषेतील एकसमान व त्वरित गतीची चर्चा करतात. प्रस्तुत लेखात या दिवसाच्या रचनेची चिकित्सा करून, आपल्या अध्यापनात या रचनेतील नेमके काय गळून पडले आहे, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन भाषा, दोन स्वर :
तिसऱ्या दिवसाचा घाट दुहेरी आहे. व्याख्या, प्रमेये व सिद्धता लॅटिन भाषेत असून त्या ‘लेखका’च्या प्रबंधातून वाचल्या जातात; त्यांवरील शंका-समाधान मात्र इटालियन बोलीत चालते. लॅटिन भागात अधिकारवाणी आहे, तर इटालियन भागात त्या वाणीची उलटतपासणी. एकसमान गतीच्या व्याख्येतच याचा प्रत्यय येतो. समान काळात समान अंतर कापणारी गती ती एकसमान, ही जुनी व्याख्या गॅलिलिओला अपुरी वाटते. तो तीत ‘कोणत्याही’ समान काळात, असा शब्द घालतो. दर तासाला 40 किलोमीटर जाणारी गाडी त्या तासाच्या आत थांबतही असेल, वेगाने धावतही असेल. जुन्या व्याख्येनुसार तिची गती एकसमानच ठरेल. एका विशेषणाने ही पळवाट बंद होते. शब्दयोजनेचा असा काटेकोरपणा हा वाङ्मयीन गुणच मानावा लागेल.

चुकीच्या उत्तराला दिलेले स्थान :
या दिवसाचा सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे वेग कशाच्या प्रमाणात वाढतो, ही चर्चा. पडणाऱ्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, अशी सूचना साग्रेदो करतो. ती सहज पटणारी आहे. त्यावर साल्व्हियाती सांगतो की, स्वतः लेखकही काही काळ याच मताचा होता. हे केवळ पात्राच्या तोंडी घातलेले वाक्य नव्हे. 1604 मध्ये पाओलो सार्पी यास लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओने हेच तत्त्व गृहीत धरले होते. आपला जुना भ्रम ग्रंथातून पुसून टाकण्याऐवजी त्याने तो वाचकासमोर ठेवला, हे या ग्रंथाचे बौद्धिक मोठेपण होय.

तथापि येथेच ग्रंथातील उणीवही दिसते. या मताचे खंडन साल्व्हियाती अवघ्या काही ओळींत उरकतो. तसे असते तर चार हात व आठ हात अंतर एकाच वेळात कापले गेले असते, असा त्याचा युक्तिवाद आहे. एकसमान गतीला लागू पडणारे गुणोत्तर तो येथे बदलत्या गतीला लावतो, असा आक्षेप एर्न्स्ट माख याच्यासारख्या अभ्यासकांनी घेतला. स्टिलमन ड्रेक यांनी मात्र त्याची पाठराखण केली. निष्कर्ष बरोबर आहे, यात शंका नाही. वेग अंतराच्या प्रमाणात असेल, तर अंतर शून्य असताना वेगही शून्यच राहील आणि स्थिर वस्तू कधी हलणारच नाही. परंतु योग्य निष्कर्ष घाईच्या मार्गाने गाठला गेला आहे, हे समीक्षकाने नोंदवणे आवश्यक ठरते.

सिम्प्लिचिओचे कार्य :
सिम्प्लिचिओ हे जुन्या मताचे पात्र केवळ हसे करण्यासाठी आहे, ही धारणा या ग्रंथापुरती तरी टिकत नाही. वर जाणारी वस्तू मंदतेच्या अनंत पायऱ्या ओलांडून स्थिर अवस्थेला कशी पोहोचेल, ही शंका त्याचीच. कोणत्याही पायरीवर वस्तू क्षणापलीकडे रेंगाळत नाही, हे उत्तर त्या शंकेमुळेच मिळते. पुढे प्रयोगाची मागणीही तोच करतो आणि त्यामुळे ग्रंथातील प्रसिद्ध वर्णन येते : सुमारे 12 हात लांब, अर्धा हात रुंद व तीन बोटे जाड लाकडी तुळई, तीत चर्मपत्राने गुळगुळीत केलेली खोबण, कांस्य धातूचा घोटीव गोळा आणि काळ मोजण्यासाठी बारीक धारेने पडणारे, नंतर तराजूत तोललेले पाणी. अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे शंभर वेळा केलेल्या प्रयोगांत आढळले, असे साल्व्हियाती सांगतो. अलेक्झांडर कॉयरे यांनी या वर्णनाच्या विश्वासार्हतेबद्दल संशय व्यक्त केला होता. 1961 मध्ये थॉमस सेटल यांनी तशाच साधनांनी प्रयोग करून अशी अचूकता शक्य असल्याचे दाखवून दिले.

सूत्राआड गेलेली शंका :
या संपूर्ण विवेचनात आज आपण फळ्यावर लिहितो ती तीन समीकरणे कोठेही नाहीत. गॅलिलिओ अंतराला काळाने भागत नाही. तो अंतराची तुलना अंतराशी आणि काळाची काळाशी करतो. म्हणूनच त्याचा निष्कर्ष 1, 3, 5, 7 अशा विषम संख्यांच्या रूपात येतो. मुक्तपणे पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे 4.9 मीटर, दुसऱ्यात 14.7 मीटर व तिसऱ्यात 24.5 मीटर पडते. हे गुणोत्तर 1 : 3 : 5 असेच आहे. बीजगणिताने आपल्याला संक्षेप दिला, हे मान्यच करावे लागेल. मात्र त्याची किंमतही मोजावी लागली. चाल, वेग व त्वरण या संज्ञा विद्यार्थी व्याख्येसह पाठ करतो, सूत्रात किमती घालून उत्तरही काढतो. परंतु वेग काळाच्याच प्रमाणात का, अंतराच्या का नाही, हा प्रश्न त्याला पडत नाही. कारण साग्रेदोची सूचना पाठ्यपुस्तकात येतच नाही. परिणामी वर फेकलेल्या चेंडूचा वेग सर्वोच्च बिंदूवर शून्य, म्हणून त्वरणही शून्य, असे लिहिणारा विद्यार्थी पदवी वर्गातही भेटतो. त्याच्या गैरसमजाला बोलण्याची जागा कोणत्याच पानावर मिळालेली नसते.

समारोप :
तिसऱ्या दिवसाच्या मर्यादा उघड आहेत. त्वरणाच्या कारणाचा शोध तो हेतुतः बाजूला ठेवतो आणि साल्व्हियातीचा शब्द बहुधा अखेरचा ठरतो. असे असले, तरी ज्ञान हे शंकेच्या सोबतीनेच मांडले पाहिजे, ही त्याची भूमिका आजही मोलाची आहे. भाषा व विज्ञान या विद्याशाखांनी हा ग्रंथ एकत्र वाचावा, असे वाटते. सूत्र शिकवण्यापूर्वी एक तासिका साग्रेदोच्या चुकीच्या उत्तरासाठी राखून ठेवली, तर अभ्यासक्रम मागे पडणार नाही. उलट विद्यार्थ्याची स्वतःची शंका वर्गात प्रथमच अधिकृत ठरेल.